तिसरा पाइप

सोमवार, ३ नोव्हेंबर

सुरजअण्णांचा कटर परत आला. झुडपं कापायचा हा कटर छोट्या लोडरच्या तोंडाला लावतात. त्याच्या पाठीवर बसवलेली हायड्रॉलिक मोटर पातं फिरवते. त्या मोटरच्या शाफ्टभोवतीचं ऑइल सील दिवाळीनंतर वर्कशॉप उघडल्यावर मीच बदललं होतं. आज टेम्पोतून उतरवलं तर सगळं तेलाने न्हालेलं आणि त्यावर भुसा चिकटलेला. सील नुसतं गळत नव्हतं. आतून कुणीतरी अंगठ्याने ढकलावं तसं बाहेर आलं होतं.

पहिला विचार हाच आला की मी ते तिरकं बसवलं असणार. पण असं कसं होईल? सील बसवणं मी वाचायला शिकायच्या आधी शिकले. अप्पा मला टेबलावर बसवायचे आणि ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, मापाने लावायला सांगायचे. मोजणं मी त्यांच्यावर शिकले. शाळेत बाईंनी मण्यांची पाटी दिली तेव्हा मला ती बाळबोध वाटली होती. तरीही दुपारभर मी स्वतःचा अंगठा बघत होते.

गणपतमामा म्हणाले, ड्रायव्हरचा हात जड आहे. अप्पांबरोबर त्यांचं आयुष्य या शेडमध्ये गेलं, आणि त्यांना सगळ्याच ड्रायव्हरांचे हात जड वाटतात.

संध्याकाळी सुरजअण्णांचा फोन. अळणावरकडे कालव्याच्या काठची झुडपं काढायचं काम त्यांनी घेतलंय, ते अडलंय. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मथुरा, तू शिकलेली मुलगी. मशीन मोडतंय की ड्रायव्हर मोडतोय, एवढंच सांग. ड्रायव्हर असेल तर महेशला उद्या घरी पाठवतो. तुझ्या शब्दावर आहे."

मी म्हटलं, थोडा वेळ द्या.

महेश कोण, मी पाहिलेलाही नाही. त्याची नोकरी माझ्या टेबलावर, त्या उघड्या मोटरीशेजारी येऊन बसली आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोटर पूर्ण उघडली. बेअरिंग ठीक. शाफ्टवर ओरखडा नाही, तार गुंडाळलेली नाही. तेल स्वच्छ, म्हणजे आत माती गेलेली नाही. तेल कमी पडून मोटर तापल्याची खूणही नाही. सगळं नीट आणि सील तेवढं बाहेर. हे मला जास्त भीतीचं वाटतं. काहीतरी तुटलेलं दिसलं की निदान त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

अप्पांना सगळं सांगितलं. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरीच असतात, कोप्पीकर रोडमागच्या आमच्या गल्लीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. वर्कशॉप मी बघते. रोज रात्रीच्या जेवणाआधी ते दिवसभराचं विचारतात आणि मी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देते. आज तेलाचा रंग विचारला, वास विचारला, फिल्टर कधी बदलला ते विचारलं. मग म्हणाले, "पाइप कसे जोडलेत?"

"आपल्या टीनेच. तुम्ही गणपतीच्या दिवसांत जोडून दिले होते तसेच."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने आईला म्हणाले, टीव्ही जरा हळू कर. टीव्ही बंद होता. आई माझ्याकडे बघायला लागली. दुखण्याच्या गोळ्यांनी असं होत असेल, डॉक्टरांना विचारायला हवं.

टीबद्दल इथे लिहून ठेवते, डोक्यात नीट बसावं म्हणून. कटरच्या मोटरला तीन पाइप असतात. एका जाड पाइपातून तेल जोरात येतं आणि मोटर फिरवतं, दुसऱ्या जाड पाइपातून ते परत जातं. तिसरा बारीक. मोटरच्या पोटात जे थोडं तेल झिरपतं ते तो सावकाश टाकीत नेऊन सोडतो. सुरजअण्णांचा लोडर जुना, त्याला दोनच कपलिंग आहेत, तिसरा पाइप जोडायला जागा नाही. त्यावर अप्पांनी फार वर्षांपूर्वी पितळेचा एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बनवला. बारीक पाइप त्या टीने परतीच्या जाड पाइपाला मिळतो. बाहेर दोनच पाइप राहतात, झुडपात अडकायला काही लोंबत नाही. वर्कशॉप आहे त्या तारिहाळपासून दांडेलीपर्यंतचे लोक येऊन 'गोविंदरावांचा टी' मागतात. सुरजअण्णांच्या जुन्या कटरला तो होता, तो कटर झिजून गेला पण सील कधी गेलं नाही. यंदा त्यांनी नवा कटर घेतला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मोटर बांधली. सील बसवायच्या आधी नखाने त्याचा ओठ तपासला, शाफ्टच्या धारेवर पट्टी गुंडाळून मगच सरकवलं. पोटात तेल भरलं, कारण कोरडी मोटर चालू केली तर पहिल्याच फेऱ्यांत ती स्वतःला खाते. कपलिंगं पुसून पुसून त्यांना टोप्या घातल्या. गणपतमामा म्हणाले, एवढं मी माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा पुसलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, टेम्पोबरोबर तू जा. दिवसभर थांब.

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं कुठलाही कटर पाठवला तर बरोबर कुणी गेलं नाही. आता मी बांधला म्हणून पहारा. मी विचारलं, काय बघू? ते म्हणाले, "थांबवताना बघ. चालू करताना सगळेच बघतात."

असं कोड्यात बोलायची त्यांना सवय नाही. माझं काम तपासायचंय तर सरळ म्हणावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी लवकर निघालो. धारवाड मागे पडल्यावर हवा बदलते, झाडं जवळ येतात. कालव्याच्या काठावर घाणेरीची झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेलेली.

महेश तिशीचा असेल. अळणावरजवळच्याच खेड्यातला, घरी थोडी भातशेती. मला वाटलं होतं तो रागावलेला असेल किंवा घाबरलेला. तो फक्त नीट होता. अक्का, चहा घेणार काय विचारलं आणि मी होकार देईपर्यंत थांबला नाही, ओतलाच. त्याचं मराठी कानडीच्या चालीवर जातं, माझंही तसंच जातं असं आई म्हणते.

मी त्याच्या चुका शोधायला गेले होते, म्हणून प्रत्येक गोष्ट बघितली. कपलिंग लावायच्या आधी त्याने दोन्ही बाजू पुसल्या, लावल्यावर हिसका देऊन पाहिलं. लोडर चालू करून तेल गरम होईपर्यंत कटर फिरवला नाही. तेवढ्या वेळात कोयता घेऊन पुढे चालत गेला, झुडपात काठी घालून बघितलं, कुंपणाची जुनी तार आणि एक टायर ओढून बाहेर काढलं. पातं सुरू करताना रेस कमी ठेवली, मग हळूहळू वाढवली. जाड खोड आलं तर रेटलं नाही, मागे घेऊन पुन्हा गेला. आमच्या वर्कशॉपात मी जे सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही, ते सगळं हा माणूस न सांगता करत होता. मला हायसं वाटलं आणि लगेच काळजी, कारण याचा हात जड नसेल तर माझा असणार.

मग म्हशी आल्या. डाव्या बाजूच्या झुडपातून एकदम, आणि त्यांच्यामागे जळणासाठी फाटा गोळा करणारी एक म्हातारी. महेशने त्याच क्षणी लिव्हर बंद केली आणि कटर जमिनीवर टेकवला. तेल थांबलं, पण पातं एकदम थांबत नाही, वेगाने फिरत राहतं, घरघरत हळूहळू निवतं. त्या वेळात परतीचा पाइप साप उचलतो तसा एकदा उसळला आणि ताठ राहिला. मी जवळ जाऊन सील बघितलं. कोरडं होतं. अजून तरी.

मी त्याला म्हटलं, असं एकदम बंद करू नकोस. आधी रेस कमी कर, पातं मंद होऊ दे, मग लिव्हर. पातं फिरत असतं तेव्हा मोटर पंपासारखी वागते, तेल पुढे ढकलते आणि पुढे दार बंद असतं. मोटरला ते सोसत नाही.

तो म्हणाला, "कळतंय अक्का. संध्याकाळी काम संपवताना मी तसंच करतो. पण म्हातारी आली की काय करू? हळूहळू थांबतो, तू पण जरा हळूहळू ये, असं सांगू?"

म्हातारीला ते ऐकू गेलं असावं, ती कानडीत काहीतरी बोलली आणि दोघं हसले. मला हसता आलं नाही. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तो दिवसभरात असा पुष्कळदा थांबला. माणसं, शेरडं, एकदा कुत्र्याची पिल्लं. दर वेळी पाइप उसळला.

घरी आल्यावर अप्पांनी तो एकच प्रश्न विचारला, थांबवताना काय झालं. सांगितलं. कुठला पाइप उसळला? परतीचा. त्यांनी ताट पुढे सारलं. आईने विचारलं तर म्हणाले भूक नाही. गुडघा फारच दुखत असणार, आणि ते सांगत नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज माझ्या हातून जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

सुरजअण्णांचा फोन आला. काय बघितलंस? मी जे बघितलं ते सांगितलं, क्रमाने. तो पुसून घेतो, तेल गरम करतो, पुढे जाऊन तार काढतो. आणि एकदम थांबवतो. ते म्हणाले, एकदम थांबवल्याने मोटरला त्रास होतो काय? मी म्हटलं, होतो. पण त्याला इलाज नाही, कारण म्हशी, असं मी सांगायला लागले तेवढ्यात ते म्हणाले, "आय्तु, झालं. एवढंच हवं होतं."

फोन बंद. मी परत लावला, उचलला नाही. मी खोटं काहीच बोलले नाही. हेच घोळवत बसले आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि सगळी मिळून खोटी झाली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सुरजअण्णांनी फोन घेतला. मी म्हटलं, माझं बोलणं अर्धं राहिलं, खरं कारण मला अजून सापडलेलं नाही. ते म्हणाले, सापडलं की सांग, तोवर दुसरा माणूस बसवलाय, त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा. महेशला काल संध्याकाळीच सांगितलं.

गणपतमामा म्हणतात, सुटलीस. ड्रायव्हर बदलला, आता सील टिकेल.

मी मनात म्हटलं, टिकू नये. मग स्वतःचीच लाज वाटली. गिऱ्हाइकाचं मशीन मोडावं अशी इच्छा करणारी मी अप्पांची मुलगी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

महेश वर्कशॉपवर आला. अळणावरहून धारवाड, तिथून बस बदलून तारिहाळ. मला वाटलं भांडायला आला. पण आमची ग्रीसगन त्याच्याकडे राहिली होती, ती कागदात गुंडाळून परत द्यायला आला होता. पोस्टानेही पाठवता आली असती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही खोटं सांगितलं असतंत तर मी भांडलो असतो. मी थांबवतो एकदम. खरं आहे ते."

गणपतमामांनी त्याला पाणी दिलं आणि कुठे काम बघतोस विचारलं. हलियाळला ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर एक जण हवाय, म्हणाला. बघू. जाताना दाराशी थांबून त्याने विचारलं, नवा ड्रायव्हर तार बघतो काय पुढे जाऊन? मी म्हटलं मला माहीत नाही. तो म्हणाला, त्याला सांगा, पुलाजवळ खूप तार आहे.

अप्पांना हे सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. विचारलं, दुसरा ड्रायव्हर कसा थांबवतो? मी म्हटलं, सुरजअण्णांनी त्याला दम दिलाय, हळूच थांबवतो म्हणे. ते म्हणाले, मग बघू आठवडाभर.

अप्पांना एरवी सगळं आधी कळतं. पंपाचा आवाज फोनवरून ऐकून काय गेलंय ते सांगतात. या वेळी त्यांनाही कळत नाही, म्हणजे मला कुठून कळणार?

शनिवार, १५ नोव्हेंबर

सील गेलं. नव्या ड्रायव्हरच्या हातात. आठवडासुद्धा काढला नाही.

वाईट वाटतंय, पण त्यात थोडा आनंदही आहे हे कबूल केलं पाहिजे. महेश नव्हता तरी गेलं.

सुरजअण्णांना म्हटलं, या वेळी नुसता कटर पाठवू नका, लोडरही पाठवा. मला चालताना मोजायचंय. कुरकुरले, पण सोमवारी ट्रकवर घालून देतो म्हणाले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नवं सील बसवलं आणि मोटरच्या पोटाला, बारीक पाइप सुरू होतो तिथे, प्रेशर गेज लावला. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण आमच्याकडे तिथे कुणी गेज लावतच नाही. जिथे दाब नसतोच तिथे काय मोजायचं?

नवा ड्रायव्हर लोडरवर, गणपतमामा लांब उभे, मी आडोशाला काटा दिसेल अशी. पातं सुरू. काटा थोडा वर चढून थांबला. हळू थांबव म्हटलं. त्याने रेस कमी केली, लिव्हर बंद केली. काटा तरीही वर गेला, सीलला झेपेल त्याच्या पलीकडे. मग म्हटलं, आता एकदम थांबव. काटा शेवटच्या आकड्यावर आपटला आणि थरथरत राहिला.

तो दाब कुठून येतो हे मला तेव्हा दिसलं. परतीच्या पाइपात तेल कोंडतं. ते मागे फिरतं, टीमधून बारीक पाइपात शिरतं, तिथून मोटरच्या पोटात. आणि पोटातून बाहेर जायला एकच पातळ रबरी दार आहे.

मी टी काढला. परतीचा पाइप त्याच्याशिवाय सरळ जोडला. बारीक पाइपाला लांब तुकडा जोडून तो सरळ डब्यात सोडला. पुन्हा सुरू, पुन्हा एकदम बंद. परतीचा पाइप तसाच उसळला. काटा जागचा हलला नाही. मी तीच गोष्ट परत परत करायला लावली, शेवटी ड्रायव्हर म्हणाला, अक्का, डिझेल संपेल.

जुन्या मोटरींचं सील जाड असायचं, दाब सोसायचं. ही नवी मोटर हलकी, वेगवान, हिचं सील नाजूक. हिला तिसरा पाइप वेगळाच लागतो, सरळ टाकीत, मध्ये कुणाशी न जोडलेला. हे मोटरबरोबरच्या कागदात छापलेलंही आहे, बारीक अक्षरात. आम्ही कुणी वाचलं नव्हतं. आम्हाला टी माहीत होता.

टी माझ्या हातात होता. पितळ अजून चकचकीत, कडा कानशीने गोल केलेल्या, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. असं काम आता कुणी करत नाही.

गणपतमामांनी ड्रायव्हरला चहाला पाठवलं. मग म्हणाले, "पोरी, टी काढलास, बरं केलंस. तिसरी लाइन टाकून देऊ. का टाकली, ते कुणी विचारत नाही. गोविंदरावांचं नाव त्या टीवर आहे. ड्रायव्हर काय, हलियाळला लागेल कामाला."

मी टी फडक्यात गुंडाळला. मला त्यांचा राग आला नाही. ते अप्पांवर प्रेम करतात, मीही करते.

घरी अप्पांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मोजणं उद्यावर गेलं. हे मी अप्पांशी बोललेलं पहिलं खोटं नसेल, पण कामाबद्दलचं पहिलंच. त्यांनी फक्त मान हलवली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी, कामावर जायच्या आधी, ते दाढी करत असताना. आरशातून माझ्याकडे बघता येईल आणि समोरासमोरही नसेल, म्हणून ती वेळ निवडली. सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, टीमध्ये दोष नाही, मोटर बदलली, वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, अप्पा, टीमुळे जातंय.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "काटा किती गेला?"

"शेवटपर्यंत."

"आणि वेगळा सोडल्यावर?"

"हललाच नाही."

"हळू थांबवूनही जातो वर?"

"जातो."

त्यांनी अर्धा फेस टॉवेलने पुसून टाकला. मला वाटलं आता चिडतील, किंवा म्हणतील पुन्हा मोज. ते म्हणाले, "तिसरं कपलिंग बसव. टाकीला वरून भोक घे, फिल्टरला जोडू नकोस, तिथेही दाब असतो. मग मला गाडीत घाल. अळणावरला जायचंय."

मी म्हटलं, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. ते म्हणाले, गाडीत बसायचंय, पळायचं नाहीये. आई आतून म्हणाली, या घरात कुणी माझं ऐकलंय का कधी.

त्यांना धक्का कसा बसला नाही, कळत नाही. बहुतेक तो उशिरा बसेल. मला त्याचीच भीती वाटते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल दिवसभर काम केलं. टाकी रिकामी करून धुतली, वरच्या बाजूला नवा जोड बसवला, तिथून तिसरा पाइप पुढे आणला, लोडरच्या हातावर पट्ट्यांनी बांधून घेतला, झुडपात अडकू नये म्हणून. तिसऱ्या कपलिंगचं माप मुद्दाम वेगळं घेतलं, दुसऱ्या पाइपाशी बदलून लागूच नये. पट्ट्या गणपतमामांनीच बांधल्या, आणि माझ्यापेक्षा चांगल्या.

आज अप्पांना घेऊन गेलो. लोडर आधीच पोचला होता. सुरजअण्णा गाडीजवळ आले, काका, तुम्ही कशाला आलात, म्हणाले, खुर्ची मागवली. अप्पा खुर्चीत बसले नाहीत. वॉकर धरून उभे राहिले. गेज तसाच लावून ठेवायला मला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

सुरजअण्णांना त्यांनी फार थोडक्यात सांगितलं. ही मोटर वेगळी आहे, माझा टी हिला चालत नाही, मी न बघता बसवला. सीलं त्यामुळे गेली. मथुराची आणि तुमच्या दोन्ही ड्रायव्हरांची त्यात चूक नाही.

सुरजअण्णा हसले, थोडं अवघडून. म्हणाले, असू दे काका, झालं ते झालं, आता नवा पाइप आहे ना, काम सुरू करू. अप्पा म्हणाले, महेशला बोलवा. सुरजअण्णांनी इकडे तिकडे बघितलं. त्यांचा नवा ड्रायव्हर तिथेच उभा होता, दोन मजूर होते. काढलेल्या माणसाला सगळ्यांदेखत परत बोलवायचं त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं. म्हणाले, तो हलियाळला गेला असेल.

गेला नव्हता. उद्यापासून जाणार होता. मीच फोन केला, आणि तो सायकलवरून आला, कपडे भाताच्या कापणीचे, पायाला चिखल. अप्पांना बघून वाकायला लागला, त्यांनी हाताने थांबवलं.

अप्पा म्हणाले, "महेश, मी गोविंद. माझ्या चुकीमुळे तुझं काम गेलं. शेठचा दोष नाही, त्यांना आमच्याकडून अर्धंच कळलं होतं. तुझी इच्छा असेल तर बस वर."

आमच्याकडून म्हणाले. माझ्याकडून म्हणायला हवं होतं.

महेशने सुरजअण्णांकडे बघितलं. सुरजअण्णा म्हणाले, बस की. दुसऱ्याला ट्रॅक्टरवर घेतो. हे त्यांनी महेशला नाही, झुडपांना सांगितल्यासारखं सांगितलं.

महेश लगेच वर चढला नाही. त्याने तिसरा पाइप सुरुवातीपासून टाकीपर्यंत बोटाने चाचपून बघितला. मग पुढे जाऊन तार बघून आला. मग बसला. तेल गरम होईपर्यंत आम्ही सगळे उभे. मी अप्पांकडे खुर्ची सरकवली, त्यांनी ती परत सरकवली.

पातं पूर्ण वेगात आल्यावर अप्पांनी हात वर केला, थांबव. महेशने रेस कमी केली, थांबला, आणखी कमी केली, पातं मंद होऊ दिलं, आणि मग अगदी जपून लिव्हर बंद केली. मी शिकवलं होतं तसं. नोकरी गेलेला माणूस थांबवतो तसं.

अप्पा ओरडून म्हणाले, "असं नाही. मध्ये म्हातारी आली आहे."

महेशने पुन्हा सुरू केलं, पूर्ण वेगात आणलं. अप्पांनी हात वर केला. महेशचा हात लिव्हरवर होता, पण तो हलेना. तो सुरजअण्णांकडे बघत होता. सुरजअण्णांनाही ते कळलं. ते एक पाऊल पुढे आले, आणि त्या घरघरीत शब्द ऐकू जाणार नाहीत म्हणून स्वतःचा हात वर करून खाली आपटला.

महेशने एकदम बंद केलं. परतीचा पाइप उसळला. पातं फिरत फिरत निवत गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण काटा मला एकटीलाच दिसत होता.

मी म्हटलं, हलला नाही.